पाझर तलावाखालच्या घरांनी पाणी कसं तपासावं: बाटली भरण्यापासून रिपोर्ट वाचण्यापर्यंत

मृगाचे दोन-तीन पाऊस झाले की फोन सुरू होतात. ‘रिपोर्ट तर पिण्यायोग्य आलाय, मग घरात तिघांना जुलाब कसे?’ खोदून विचारलं की गोष्ट साधारण अशी निघते. बाटली मिनरल वॉटरची रिकामी. भरली आदल्या संध्याकाळी. रात्रभर मोटारसायकलच्या डिकीत. नमुना चावडीसमोरच्या नळाचा, तोही त्याच दिवशी टाकीत टीसीएल (पाण्यात टाकायची क्लोरीनची पावडर) पडल्यानंतरचा. घरची पोरं मात्र माठातलं पाणी पितात. प्रयोगशाळेने तिला मिळालेलं पाणी तपासलं आणि बरोबर तेच लिहिलं. चूक बाटली तिच्या दारात पोचण्याआधीच झाली होती.

हा लेख त्या आधीच्या चुकांबद्दल आहे. पाझर तलाव, गावतळं, साठवण तलाव, पूर्व विदर्भातले मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बोड्या (छोटी तळी), शेतवस्तीवरचं शेततळं, यांचं पाणी थेट किंवा खालच्या विहिरीतून ज्यांच्या घरात येतं, त्यांच्यासाठी. फक्त खोल बोअरवर असणाऱ्यांना यातला निम्माच भाग लागू पडेल.

## टप्पा १: पाण्याची वाट कागदावर काढा

बाटली शोधण्याआधी वहीचं एक पान घ्या आणि पाणी तलावातून तुमच्या तांब्यापर्यंत कसं येतं ते काढा. बहुतेक गावांत वाट अशी असते: तलाव, त्याच्या खालची विहीर, मोटार, उंच टाकी, गल्लीतली पाइपलाइन, दारातला नळ, गच्चीवरची काळी टाकी, माठ. प्रत्येक ठिकाणी पाणी थांबतं किंवा हाताळलं जातं, म्हणजे प्रत्येक ठिकाणी बिघडू शकतं.

मग चालत जा. सकाळी जा, कारण तलावावर काय चालतं ते दुपारी दिसत नाही. या गोष्टी नोंदवा:

- धुणं, जनावरं धुणं, काठावरची शौचाची जागा. पोळ्याला बैल कुठे धुतात आणि गणपती कुठे बुडवतात तेही लिहा, त्या दिवसांच्या आसपास नमुना घेतला तर संदर्भ लागतो.
- मासेमारीचा ठेका दिला आहे का. माशांसाठी शेण किंवा खत पाण्यात सोडलं जातं का ते ठेकेदाराच्या माणसाला सरळ विचारा.
- काठाला लागून कापूस, द्राक्ष किंवा भाजीपाला आहे का, आणि फवारणीचा पंप कुठे भरतात, कुठे धुतात.
- विहिरीला कठडा आहे का, भोवती फरशी आहे का, उकिरडा किंवा शौचालयाचा शोषखड्डा किती पावलांवर आहे.
- व्हॉल्व्हचे खड्डे. इथे बारकाईने पाहा. नळ दिवसाआड येतो तेव्हा मधल्या काळात पाइप रिकामा असतो आणि खड्ड्यातलं साचलेलं पाणी गळक्या जोडातून आत ओढलं जातं. गॅस्ट्रोच्या साथीत तलावाला शिव्या घालणाऱ्या गावात दोष अशा खड्ड्यात निघालेला मी अनेकदा पाहिला आहे.

शेततळं असेल तर आणखी एक. ठिबकमधून खत सोडायला लावलेली व्हेंच्युरी आणि घराकडे जाणारी लाइन एकाच पाइपवर आहे का? असेल, आणि मध्ये उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह नसेल, तर मोटार बंद झाल्यावर विद्राव्य खत मागे येऊन घरच्या लाइनमध्ये शिरू शकतं. हे आधी तोडा, तपासणी नंतर करा.

शेवटी पाणी सोडणाऱ्या माणसाशी किंवा जलसुरक्षकाशी बोला. टीसीएल कधी टाकता, किती टाकता, कशात कालवता. उत्तर ‘अंदाजाने’ असेल तर तसंच लिहा. आरोप म्हणून नको, नोंद म्हणून.

पडताळा: कागदावर किमान चार ठिकाणं आली का? एकच ठिकाण येत असेल तर वाट पूर्ण काढलेली नाही.

## टप्पा २: काय तपासायचं ते आधी ठरवा

टीडीएस मीटर बाजूला ठेवा. तो पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो, एवढंच. पावसाळ्यात तलावाच्या पाण्याचा टीडीएस बहुधा कमीच असतो, त्यामुळे मीटर छान आकडा दाखवतो आणि त्याच पाण्यात मैल्याचे जंतू असू शकतात. दारावर आरओ विकायला येणारे हाच मीटर आधी काढतात.

लहान जलसाठ्याच्या पाण्यासाठी माझा क्रम असा:

जंतू. पहिला प्रश्न हाच. भारतीय मानक आयएस १०५००:२०१२ प्रमाणे पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय अजिबात आढळता कामा नये. ई. कोलाय माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहतो. तो सापडला म्हणजे मैला पाण्यापर्यंत पोचला.

उरलेलं क्लोरीन आणि गढूळपणा. दोन्ही जागेवरच मोजायचे, घरी किंवा प्रयोगशाळेत नेऊन नाही. नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन हवं, साथीच्या काळात ०.५. गढूळपणा १ एनटीयूपर्यंत (हे तो मोजायचं एकक) चांगला, दुसरा स्रोत नसेल तर ५ पर्यंत चालवून घेतात.

नायट्रेट. भोवती खताची शेती किंवा जनावरांचे गोठे असतील तर नक्की. मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम, आणि इथे मानकात सवलत नाही. बाटलीने दूध पिणाऱ्या लहान बाळाला जास्त नायट्रेटचं पाणी विशेष धोक्याचं असतं.

फ्लोराइड. पाणी विहिरीतून किंवा बोअरमधून येत असेल तर वर्षातून एकदा. इष्ट मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम, कमाल १.५. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडसारख्या जिल्ह्यांत हे टाळू नका. निव्वळ तलावाच्या पाण्यात याची चिंता कमी.

कीटकनाशकं. गावातल्या तपासणी संचात ही दिसत नाहीत, नेहमीच्या जिल्हा तपासणीतही आपोआप येत नाहीत. पहिल्या टप्प्यात फवारणीचा धोका दिसला असेल तर प्रयोगशाळेला आधी विचारून वेगळा नमुना द्यावा लागतो. तोवर पंप धुण्याची जागा हलवणं जास्त उपयोगाचं.

ग्रामपंचायतीकडे हिरवं कार्ड आहे, मग तपासणी कशाला, असंही कुणी म्हणेल. ते कार्ड स्रोत आणि व्यवस्था किती जोखमीची आहे याच्या पाहणीवर मिळतं. तुमच्या माठाबद्दल ते काही सांगत नाही.

## टप्पा ३: तयारी, दोन दिवस आधी

आधी फोन करा, मग बाटली भरा. जिल्ह्याच्या आणि उपविभागाच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, आरोग्य खात्याच्याही आहेत. जलजीवन मिशनमध्ये पाणी तपासणीच्या प्रयोगशाळा सर्वसामान्य लोकांसाठी खुल्या केल्या गेल्या. फोनवर चार गोष्टी विचारा: नमुने कोणत्या वारी आणि किती वाजेपर्यंत घेता, जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली तुम्ही देता का, तिच्यात थायोसल्फेट घातलेलं असतं का, आणि शुल्क किती.

थायोसल्फेटचं विचारायला लाजू नका. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते बाटलीत गेल्यावरही काम करत राहतं. तीन तासांच्या प्रवासात ते जंतू मारत जातं आणि रिपोर्ट नळापेक्षा चांगला येतो. बाटलीतलं थोडंसं सोडियम थायोसल्फेट क्लोरीनला तिथल्या तिथे निष्प्रभ करतं, म्हणून प्रयोगशाळेला नळाच्या क्षणाचं पाणी दिसतं.

शुक्रवारी-शनिवारी नमुना नेऊ नका. जंतू वाढवून पाहायला २४ ते ४८ तास लागतात, खात्रीच्या चाचणीला आणखी. सुट्टी मध्ये आली की बाटली पडून राहते. सोमवार ते बुधवार सकाळ सगळ्यात बरी.

पिशवीत हे हवं: प्रत्येक ठिकाणासाठी जंतूंची एक बाटली आणि एक जास्तीची, रसायनांसाठी एक-दोन लिटरच्या स्वच्छ प्लास्टिक बाटल्या, झाकणाचा थर्मोकोलचा डबा, बर्फ, सर्जिकल स्पिरिट आणि कापूस, काडेपेटी, पक्क्या शाईचं पेन, चिकटपट्टी, क्लोरीन तपासायचा संच, एक पारदर्शक काचेचा पेला. संचातल्या द्रावणांची मुदत पाहा. ग्रामपंचायतीच्या कपाटात दोन वर्षं उन्हाळा काढलेल्या संचावर विसंबू नका.

ती जास्तीची बाटली कशाला? तिच्यात घरी खळखळ उकळून, झाकून, थंड केलेलं पाणी भरायचं आणि बाकीच्यांबरोबर पाठवायचं. नाव द्यायचं ‘ठिकाण ६’, उकळलेलं आहे हे सांगायचं नाही. तिच्यात जंतू निघाले तर तुमचा हात किंवा तुमची पद्धत चुकली, आणि त्या दिवसाचे बाकीचे वाईट रिपोर्टही संशयाने वाचायचे.

## टप्पा ४: नमुना घेणं

सगळे नमुने एकाच दिवशी, पाण्याच्या एकाच पाळीला. क्रम उलटा ठेवा: आधी माठ, मग नळ, मग टाकी, मग विहीर, शेवटी तलाव. तलावात हात बुडवून आलेल्या माणसाने नळाची बाटली उघडायची नाही, एवढंच त्यामागचं कारण.

### बाटली हाताळताना

१. हात साबणाने धुवा, मग स्पिरिट लावा.
२. बाटली पाण्यासमोर आल्यावरच उघडा. झाकण खाली ठेवू नका, खिशात तर नाहीच. तोंड खाली करून दोन बोटांत धरा.
३. जंतूंची बाटली विसळू नका. विसळली की थायोसल्फेट गेलं.
४. काठोकाठ भरू नका, वर दीड-दोन बोटं हवा सोडा. प्रयोगशाळेला ती हलवावी लागते.
५. लगेच झाकण, लगेच लेबल, लगेच बर्फात.

रसायनांच्या बाटलीचे नियम बरोबर उलटे आहेत. ती त्याच पाण्याने तीनदा विसळायची आणि काठोकाठ भरायची. सगळ्यात जास्त गोंधळ या दोन बाटल्यांमध्ये होतो, म्हणून दोघींच्या झाकणांना वेगवेगळ्या रंगाची पट्टी लावा. आणि प्रत्येक ठिकाणी जंतूंची बाटली आधी भरा.

### माठ

इथे काहीच स्वच्छ करायचं नाही. घरात ज्या ओगराळ्याने किंवा ज्या पेल्याने पाणी काढतात त्यानेच काढून बाटलीत ओता. पाहुणे येणार म्हणून घासलेल्या माठाचा नमुना निरुपयोगी. काकू तपासणी आहे म्हटल्यावर माठ घासायला घेतातच, त्यामुळे मी आधी न सांगता जातो.

### नळ

प्रश्न काय आहे ते ठरवा. लाइनचं पाणी कसं आहे हे हवं असेल तर नळाला बांधलेलं फडकं, जाळी, रबरी नळी काढा. दोन-तीन मिनिटं पाणी जाऊ द्या. नळ बंद करा. पितळी तोटी असेल तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसून बोळा पेटवून तोंड शेकून घ्या. प्लास्टिकची असेल तर फक्त स्पिरिटने आतबाहेर पुसा, पेटवू नका. पुन्हा मिनिटभर पाणी सोडा आणि मध्यम धारेत बाटली भरा. धार मध्येच कमी-जास्त करू नका. गळका नळ निवडू नका, बाहेरून ओघळणारं पाणी बाटलीत जातं.

सावधान: स्पिरिटची बाटली बंद करून लांब ठेवल्याशिवाय काडी ओढू नका.

आपण जे पितो ते कसं आहे, असा प्रश्न असेल तर यातलं काही करू नका, जसं भरता तसं भरा. दोन्ही प्रश्न चांगले आहेत. बाटलीवर कोणता विचारला ते मात्र लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी तुलना होणार नाही.

### टाकी आणि विहीर

टाकीच्या तळाची तोटी असेल तर नळाप्रमाणे घ्या. विहिरीवर मोटार चालू असताना निर्गम पाइपावरून, पाच मिनिटं पाणी गेल्यावर. शेंदून घ्यायचं असेल तर लोकांची रोजची बादली आणि दोर वापरू नका. त्यांच्यावरचेच जंतू बाटलीत येतील. निर्जंतुक बाटलीला स्वच्छ दगडाचं वजन आणि नवी दोरी बांधून ती काठाला न घासता सोडा.

### तलाव

काठावरचं पाणी तलावाचं पाणी नव्हे. तिथे गाळ, फेस आणि जनावरांचे पाय असतात. पाणी जिथून उचललं जातं तिथून, म्हणजे जॅकवेल (उपशाची विहीर) किंवा मोटारीच्या फूटव्हॉल्व्हजवळून घ्या. बाटलीचा तळ धरून तोंड खाली ठेवत हात कोपरापर्यंत बुडवा, वीत-दीड वीत खोल गेल्यावर तोंड पुढे आणि वर वळवा, म्हणजे हातावरून आलेलं पाणी आत जाणार नाही. चिखलात उतरून गाळ ढवळला असेल तर तो निवळेपर्यंत थांबा. पोहता येत नसेल तर एकट्याने जाऊ नका. शेततळ्याच्या प्लास्टिकवर तर कुणीच उतरू नका, ओल्या कागदावरून वर येता येत नाही. काठावर उभं राहून लांब बांबूला बाटली बांधा.

पडताळा: प्रत्येक लेबलवर ठिकाण, तारीख, वेळ, घेणाऱ्याचं नाव, आणि जागेवर मिळालेलं क्लोरीन. ‘घरचं पाणी’ एवढंच लिहिलेली बाटली रिकाम्या बाटलीसारखीच.

## टप्पा ५: जागेवरच्या चाचण्या

क्लोरीन. संचातलं ओटीचं (ऑर्थोटोलिडिन) द्रावण टाकल्यावर पिवळा रंग येतो. तो पहिल्या दहा सेकंदांत वाचा. पाच मिनिटांनी वाचला तर इतर संयुगांत अडकलेलं क्लोरीनही रंग देतं आणि आकडा फुगतो. हाताला लागलं तर धुवा, तपासलेलं पाणी गटारात टाका, मोरीतल्या भांड्यांवर नको. त्याऐवजी डीपीडी या दुसऱ्या रसायनाची गोळी किंवा पूड मिळाली तर तीच घ्या, तिचा रंग गुलाबी येतो. एक खोच लक्षात ठेवा: क्लोरीन फार जास्त असेल तर गुलाबी रंग येऊन लगेच उडतो आणि ‘शून्य’ वाटतं. टीसीएलचा उग्र वास येतोय आणि डीपीडी रंगहीन आहे, असं झालं तर नमुन्यात साधं, क्लोरीन नसलेलं पाणी मिसळून पुन्हा तपासा.

गढूळपणा. मोजायची नळी असेल तर उत्तम. नसेल तर दोन लिटरची पारदर्शक बाटली लेबल काढून भरा, छापील वर्तमानपत्रावर उभी ठेवा आणि वरून पाहा. अक्षरं दिसत नसतील तर पाणी इतकं गढूळ आहे की क्लोरीनवर विसंबता येणार नाही. मातीच्या कणांआड जंतू लपतात आणि क्लोरीन मातीवरच खर्च होतं. उलट अक्षरं स्पष्ट दिसली म्हणजे पाणी चांगलं, असा अर्थ नाही.

पीएच. ६.५ ते ८.५. आठच्या वर गेला की क्लोरीनचा जोर कमी होतो. हिरव्या झालेल्या तलावात दुपारी पीएच चढतो, म्हणून सकाळचा आणि दुपारचा आकडा वेगळा आला तर संच बिघडला असं समजू नका.

शेवाळ. मार्च ते मे, पाणी खाली गेल्यावर, हे नक्की पाहा. काठी बुडवून वर काढा. दोरे-दोरे लोंबले तर साधं शेवाळ. काठी हिरव्या ऑइलपेंटमध्ये बुडवल्यासारखी निघाली तर नीलहरित प्रकार असण्याची शक्यता मोठी. त्याच पाण्याने भरलेली पारदर्शक बाटली रात्रभर न हलवता ठेवा, सकाळी हिरवा थर वर तरंगत असेल तर संशय आणखी पक्का.

सावधान: असं पाणी उकळून पिऊ नका. यातल्या काही जाती विष तयार करतात, ते उकळल्याने जात नाही. उकळताना पेशी फुटून आतलं विषही पाण्यात उतरतं. मोरचूद टाकून तलाव ‘साफ’ केल्यानेही हेच होतं. जनावरांनाही हे पाणी पाजू नका आणि दुसरा स्रोत मिळेपर्यंत टँकर मागवा.

नायट्रेटची पट्टी वापरत असाल तर डबीवर पाहा, आकडा नायट्रेटचा आहे की नायट्रेटमधल्या नायट्रोजनचा. दुसरा असेल तर मर्यादा ४५ ची नाही, साधारण १० ची. वीस आकडा पाहून निश्चिंत झालेली माणसं मला भेटली आहेत.

## टप्पा ६: प्रयोगशाळा लांब असेल तर एचटूएसची बाटली

एचटूएस म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, गंधकाचं संयुग. ही सोपी चाचणी आपल्याच देशात विकसित झाली आणि १९८२ साली प्रसिद्ध झाली. छोट्या बाटलीत औषध लावलेली पट्टी किंवा पूड असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, थोड्या वेळाने हलवायचं, उबदार जागी ठेवायचं. २४ ते ४८ तासांत काळं झालं तर मैल्याची दाट शंका.

लोक चुकतात ते ऊब देण्यात. तीस ते सदतीस अंश हवेत. डिसेंबरात ओसरीवर ठेवलेली बाटली काळी होत नाही, पाणी चांगलं म्हणून नव्हे, थंडी म्हणून. चुलीच्या कडेला ठेवली तर जंतू भाजून मरतात. गोधडीत गुंडाळून गव्हाच्या कोठीत ठेवलेली मी पाहिली आहे. घरात अंडी उबवायचा बल्बचा खोका असेल तर त्याहून बरं.

भरल्यावर थोड्याच वेळात काळं झालं तर तो निकाल धरू नका. काही साचलेल्या पाण्यात गंधकाचं संयुग आधीच असतं, रंग त्याचा असतो. क्लोरीन असलेल्या नळावर ही चाचणी करण्यात फारसा अर्थ नाही, तिथे क्लोरीन तपासा. पांढरी राहिलेली बाटली म्हणजे प्रमाणपत्र नाही. काळी झालेली बाटली म्हणजे जंतूंची शेती आहे: तिच्यात टीसीएल घालून अर्धा तास ठेवा, मग पोरांपासून लांब खड्ड्यात पुरा.

## टप्पा ७: प्रवास

बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत, बाटल्या उभ्या, बर्फाच्या पाण्यात झाकण बुडता कामा नये. गोठवू नका. सहा तासांत पोचवा. चोवीस तास उलटून गेलेली बाटली देऊ नका, पुन्हा भरा. एसटीच्या ड्रायव्हरकडे पार्सल देऊन ‘कुणीतरी उतरवून घेईल’ हे चालत नाही.

## टप्पा ८: रिपोर्ट वाचणं

‘२ पेक्षा कमी’ असं एमपीएनच्या (जंतूंची अंदाजी संख्या) रकान्यात असेल तर त्याचा अर्थ दोन जंतू नव्हे. त्या पद्धतीत काहीच सापडलं नाही, असं ते लिहितात. ‘टीएनटीसी’ म्हणजे मोजता येणार नाहीत इतके. ‘जसा मिळाला तसा नमुना’ ही ओळ म्हणजे बाटली कशी भरली याची जबाबदारी तुमची. कोलिफॉर्म (जंतूंचा मोठा गट, ई. कोलाय त्यातलाच एक) आणि ई. कोलाय हे दोन वेगळे आकडे आहेत. तलावाच्या कच्च्या पाण्यात कोलिफॉर्म निघणारच, त्यावरून घाबरायचं नाही. नळात किंवा माठात ई. कोलाय निघाला तर मात्र थांबायचं नाही.

आता ठिकाणांचे आकडे एका ओळीत मांडा. इतक्या बाटल्यांचा खटाटोप याचसाठी होता.

तलाव वाईट, विहीर चांगली, नळ चांगला, माठ वाईट. दोष घरात आहे. हात बुडतोय, ओगराळं जमिनीवर पडतंय किंवा गच्चीवरच्या टाकीचं झाकण उडालंय. ग्रामपंचायतीत भांडायला जाऊ नका.

विहीर चांगली, टाकी चांगली, नळ वाईट. पाइपलाइन आणि व्हॉल्व्हचे खड्डे. दोन गल्ल्यांचे नळ वेगवेगळे तपासले की कोणता तुकडा ते कळतं.

विहीर पावसाळ्यात वाईट, हिवाळ्यात चांगली. वरचं पाणी कठड्यातून किंवा फरशीच्या भेगेतून थेट उतरतंय, मातीतून गाळून येत नाही.

सगळं वाईट, क्लोरीन शून्य. टीसीएल पडत नाही, किंवा पडतंय पण मेलेलं आहे. ताज्या पावडरीत तेहतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. उघड्या पोत्यात, ओलीला, ते झपाट्याने उडतं.

क्लोरीन आहे, गढूळपणा जास्त, ई. कोलाय आहे. आधी पाणी निवळवा. अजून टीसीएल ओतल्याने फक्त वास वाढेल.

आणि सगळं स्वच्छ, तरी घरात जुलाब? काही परजीवींना क्लोरीन सहज मारत नाही, आणि ई. कोलाय नाही म्हणजे ते नाहीत असं होत नाही. आजाऱ्याला दवाखान्यात दाखवा, पाणी उकळा, आणि घरातल्या बाकीच्या गोष्टीही पाहा.

## टप्पा ९: वाईट रिपोर्ट आल्यावर

त्याच दिवशी. पिण्याचं पाणी गाळून, खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट उकळा, त्याच भांड्यात झाकून गार करा. अपवाद: वर सांगितलेलं नीलहरित शेवाळ, आणि नायट्रेट किंवा फ्लोराइड. नायट्रेट आणि फ्लोराइड उकळून जात नाहीत, पाणी आटल्याने त्यांचं प्रमाण वाढतं.

टाकी. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, वरचं काढा. मग टीसीएल. पंचवीस टक्क्यांची पावडर असेल तर १००० लिटरला ४ ग्रॅम म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन. प्लास्टिकच्या बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणीच टाकीत घाला. अर्ध्या तासाने क्लोरीन तपासा. ०.५ च्या आसपास आलं तर ठीक, शून्य आलं तर आणखी थोडं घालून पुन्हा अर्धा तास.

विहीर. किती पाणी आहे ते मोजा. मीटरमध्ये व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, त्याला ७८५ ने गुणलं की लिटर. चार मीटर व्यास आणि तीन मीटर पाणी म्हणजे ३७,६८० लिटर, त्याला वरच्या हिशोबाने साधारण दीडशे ग्रॅम. ‘दोन ओंजळी’ हे माप नाही.

सावधान: टीसीएल टाकल्यावर लगेच जंतूंचा नमुना घेऊन ‘आता चांगलं झालं’ म्हणू नका. कठडा, जोड, झाकण, जे दुरुस्त करायचं ते करा, काही दिवस नेहमीसारखा वापर होऊ द्या, मग त्याच ठिकाणांहून, त्याच पद्धतीने पुन्हा.

रिपोर्टची प्रत जलसुरक्षकाला आणि आरोग्यसेवकाला द्या, ग्रामपंचायतीत आवक क्रमांक घेऊन एक द्या. पहिल्या टप्प्यातला कागदावरचा नकाशा सोबत जोडा. नुसत्या रिपोर्टवर ‘बघू’ मिळतं, व्हॉल्व्हचा खड्डा लाल पेनाने दाखवला की माणूस निदान जाऊन पाहतो.

## टप्पा १०: पुन्हा कधी

जंतूंसाठी वर्षातून किमान तीन वेळा: मेमध्ये पाणी तळाला असताना, पहिल्या जोरदार पावसानंतर आठवड्याच्या आत, आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात. रसायनं वर्षातून एकदा, मेमधल्या बाटलीबरोबरच, कारण तेव्हा ती सगळ्यात दाट असतात. पाइपलाइन फुटून दुरुस्त झाली, तलावात जनावर मरून पडलं किंवा एकाच गल्लीत दोन घरांत जुलाब लागले, तर तारखेची वाट पाहू नका.

क्लोरीन मात्र रोज, पाण्याच्या पाळीला, टाकीपासून सगळ्यात लांबच्या नळावर. आमच्या वस्तीवर हे काम सातवीतल्या एका मुलीकडे आहे. रंग पाहायला तिला दहा सेकंद लागतात, आणि आकडा ती दाराच्या मागे टांगलेल्या दिनदर्शिकेवर, दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी लिहिते.